दोष तिच्या पायाचा नव्हता

मी एका जुन्या पांढऱ्या गाडीचा सेन्सर बोलतोय. म्हणजे त्या गाडीचा होतो. आता गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पान्यांच्या फळीवर एका खिळ्याला लटकतो आहे. काडेपेटीएवढा काळा डबा, तीन पिना आणि पोटात कोळशाची पट्टी, एवढाच माझा जीव. पण माझ्यामुळे एका घरात जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम साधं होतं. चालवणाऱ्याने पाय दाबला की तार ओढली जाते आणि इंजिनात हवा सोडणारी झडप उघडते. झडपेबरोबर माझ्या पोटातली पत्र्याची बारीक जीभ त्या पट्टीवरून सरकते. जीभ कुठे आहे ते मी गाडीच्या संगणकाला सांगायचं आणि त्याने तेवढं पेट्रोल सोडायचं. संगणकाला पाय दिसत नाही. तो माझ्या शब्दावर विश्वास ठेवतो.

कारखान्यात मला दहा वेळा तपासलं होतं. दहाही वेळा मी खरं बोललो. तेव्हा खरं बोलणं सोपं होतं.

गाडी त्या घरातल्या कर्त्या माणसाने घेतली; घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे. बाबा नकाशे काढायचं काम करायचे. सरळ रेघ मारावी तशी गाडी चालवायचे. घर ते ऑफिस सगळे अरुंद रस्ते, दर पन्नास पावलांवर वळण. दुसरा गिअर टाकला की त्यांचा पाय एका जागी असा बसायचा की जणू तिथे खूण केली आहे. चौदा वर्षं माझी जीभ पट्टीवर त्याच जागी उभी राहिली. उभी कसली, थरथरत घासत राहिली. पट्टी तेवढ्याच जागी झिजत गेली. मला ते कळत होतं, पण वाटायचं, एवढ्याशा ओरखड्याने काय होणार आहे?

मग बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी सुनेला गाडी शिकवायला घेतली. तेव्हा तिचं वय बेचाळीस.

"या वयात?" तिचा नवरा हसला होता. "बाबा, आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा, भिंती मजबूत करा म्हणावं."

"तुला शिकवताना कुंपण पाडलं होतंस," बाबा म्हणाले. "हिने अजून एकही वीट हलवलेली नाही. तू गप्प बस."

सून मन लावून शिकली. बाबा म्हणायचे, "सूनबाई, रेघ ओढताना पेन्सिल उचलायची नाही. पाय एका जागी." ती अगदी तसंच करायची. तिचा पाय बाबांच्या पायाच्याच जागी येऊन बसायचा. म्हणजे माझी जीभ नेमकी त्या झिजलेल्या जागेवर.

पुढच्या वर्षी बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पहिले दोन-तीन महिने महत्त्वाचे, आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा, नाहीतर पाय वाकणार नाही. मुलगा सकाळी आठला कामावर जायचा. नेणार कोण, तर सून.

त्याच दिवसांत मी पहिल्यांदा खोटं बोललो.

गाडी गल्लीतून सावकाश चालली होती. जीभ खरवडलेल्या जागेवर आली, तिचा पट्टीला स्पर्शच होईना. क्षणभर मी संगणकाला सांगितलं, "पाय काढला." त्याने पेट्रोल तोडलं. लगेच जीभ टेकली, मी म्हणालो, "नाही नाही, पाय आहे." त्याने पेट्रोल सोडलं. गाडीने पुढे हिसका दिला. पुन्हा तेच. बाबांनी दाराची मूठ घट्ट धरली.

"माझा पाय हलला वाटतं," ती म्हणाली.

तिचा पाय हलला नव्हता. ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

रोज हेच सुरू झालं. ती आणखी जपून, आणखी हळू चालवायला लागली आणि जितकी जपेल तितकी त्याच जागेवर अडकायला लागली. तिने दोनदा सांगितलं, "अहो, गाडीतच काहीतरी आहे." रविवारी नवरा गाडी घेऊन मोठ्या रस्त्यावर गेला. तो पाय दाबतो तो एकदम. माझी जीभ झिजलेली जागा टाकून पुढे पळाली. गाडी लोण्यासारखी चालली.

"काही नाही गाडीत," घरी येऊन तो म्हणाला. "तुझा पाय जड आहे. जरा नाचायला शीक."

तरी एकदा तो गाडी मोठ्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथल्या पोराने झडप साफ केली, प्लग बदलले, वायर जोडून मला विचारलं, सगळं बरोबर आहे का? इंजिन बंद होतं, जीभ चांगल्या जागेवर होती. मी म्हणालो, बरोबर आहे. मग त्यांनीही गाडी मोठ्या रस्त्यावर पळवून आणली आणि सांगितलं, "साहेब, गाडी ठणठणीत आहे. मॅडम नवीन आहेत ना?"

त्या "बरोबर आहे"ची लाज मला अजून वाटते.

पुढच्याच आठवड्यात व्यायामाच्या केंद्रासमोर गतिरोधक ओलांडताना मी लागोपाठ तीन हिसके दिले. बाबांचा ऑपरेशनचा गुडघा समोरच्या खणावर आपटला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. तिने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली.

"लागलं नाही गं फारसं," बाबा म्हणाले.

"बाबा, मला नाही जमणार. माझ्या हातून तुमचा पाय जायचा."

त्या दिवशी तिने किल्ली खुंटीवर अडकवली आणि पुन्हा काढली नाही. गाडी पोर्चमध्ये, आणि पोर्चवर स्वयंपाकघराची खिडकी. आतलं सगळं ऐकू यायचं. मुलगा म्हणायचा, "भाड्याची गाडी बोलावतो." बाबा म्हणायचे, "परक्याच्या गाडीत मी बसणार नाही." शनिवारी मुलाला वेळ मिळाला तर जायचे, नाहीतर घरीच भिंतीला धरून पाय वाकवायचे. मुलगा चिडायचा, "म्हातारपणी हट्ट फार." ती भांडी फार वेळ घासत बसायची.

असे नऊ आठवडे गेले. मग मुलाने गाडी विकायची ठरवली आणि विकण्याआधी एकदा बघून द्या म्हणून मिस्त्रींकडे आणली. मिस्त्री बुटके, कानावर पेन्सिल, बोलणं तिरकं.

"तक्रार काय?"

"माझी काही नाही. बायको म्हणायची, हळू चालवताना झटके मारते."

"झटके त्यांना बसतात ना? मग तुम्ही कशाला आलात?"

"ती चालवत नाही आता."

"पोट तिचं दुखतंय आणि डॉक्टरकडे तुम्ही आलात," मिस्त्री म्हणाले. "गाडी ठेवून जा. उद्या त्यांना पाठवा."

दुसऱ्या दिवशी ती आली, बाबांना घेऊन, पायीच. बाबा काठी टेकत, उजवा पाय काठीसारखाच सरळ ठेवून चालत होते. ती पुन्हा पुन्हा सांगत होती की चूक तिचीच आहे, तिच्यामुळेच बाबांचा व्यायाम बुडाला, उगाच वेळ नको. मिस्त्रींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी एक जुनं काट्याचं मीटर काढलं, त्याची वायर माझ्या मधल्या पिनेला लावली, बॉनेटच्या फटीतून आत घेतली आणि मीटर मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले. बाबा मागे, पाय सीटवर आडवा टाकून.

"चालवा. रोज चालवता तशी. दुसऱ्या गिअरवर."

"झटके बसतील."

"त्यासाठीच बसलोय. मोठ्या रस्त्यावर ही गाडी शहाण्यासारखी वागते, ते मला ठाऊक आहे."

गाडी शेडमागच्या गल्लीत शिरली. मी मनातून म्हणत होतो, आज तरी पकडा मला. जीभ त्या जागेवर आली. काटा धपकन खाली पडला आणि वर आला. गाडीला हिसका बसला. पुन्हा काटा पडला, पुन्हा हिसका.

ती म्हणाली, "बघा, माझा पाय..."

"मी तुमच्या पायाकडेच बघतोय बाई," मिस्त्री म्हणाले. "तसूभर हलला नाही. सेन्सर खोटं बोलतोय. तुम्ही इतकी एकसारखी गाडी चालवता म्हणून तो सापडला. धसमुसळ्या माणसाला हा सात जन्म सापडला नसता."

तिने गाडी कडेला थांबवली आणि वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं.

शेडमध्ये मिस्त्रींनी मला काढलं, झाकण उचकटलं आणि पट्टी बाबांना दाखवली. काळ्या पट्टीवर नखाएवढी पांढुरकी जागा. बाबांनी चष्मा पुसून पाहिली.

"हे माझं काम आहे," ते हळूच म्हणाले. "चौदा वर्षं मीच पाय तिथे ठेवला."

"पण आजोबा, व्यायामाला भाड्याच्या गाडीने का नाही गेलात? पाय कडक झालाय तुमचा."

बाबांनी आधी सुनेकडे पाहिलं. ती बाहेर नळावर तोंड धूत होती. "एकदा दुसऱ्याच्या गाडीत बसलो असतो ना, तर हिची किल्ली कायमची खुंटीवर राहिली असती. मला वाटलं, माझ्या पायासाठी तरी ही पुन्हा उचलेल. चूक झाली. तिला सांगू नका."

मिस्त्रींनी तिला सांगितलं नाही. मी तर सांगूच शकत नाही.

माझ्या जागी नवा सेन्सर बसला. त्या दिवशी घरी जाताना गाडी तीच चालवत गेली, गल्लीतून, अलगद.

परवा ती दोघं तेल बदलायला आली होती. शेजारची सीट पार मागे सरकवलेली. तिने दार उघडलं, दोन्ही हातांनी बाबांचा उजवा पाय उचलून बाहेर ठेवला. तो वाकत नाही. आता वाकणारही नाही म्हणे.

"नवरा काय म्हणतो?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणतो, गाडी बरी झाली," ती हसली. "माझ्या पायाबद्दल काही म्हणत नाही."

बाबा काठीवर भार देऊन उभे होते. "तो म्हणणार नाही. मी रोज म्हणतो ना."

मित्रहो, मला फेकून दिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. मिस्त्री मला ठेवतात ते शिकायला येणाऱ्यांना दाखवायला. म्हणतात, गाडीआधी चालवणाऱ्याला विचारा, आणि तो असो की ती, जे सांगेल ते आधी खरं माना. माझीही तुम्हाला एवढीच विनवणी आहे. माझ्यासारखे खोटे साक्षीदार फार गप्प असतात. आमच्या गप्पपणावरून कुणाच्या हातापायाला दोष देऊ नका.

आणि बाई, तुम्ही इतक्या जवळून गेलात, फळीवरच्या मला पाहिलंही नाहीत, तेच बरं झालं. तुमच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.