जावयाचं हेलिकॉप्टर

त्या दिवाळीला शुभांगी आणि तिचा नवरा स्वराज पुण्याहून मखमलाबादला तिच्या माहेरी आले, ते गाडीच्या डिकीत एक लांबट खोकं घेऊनच. स्वराज कंपनीच्या कामानं अमेरिकेला जाऊन आला होता. खोक्यात रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर होतं, नवशिक्यांसाठीचं. सांगाडा त्यानं तिकडेच जुळवला होता. रिमोटचं सामान आणि सर्व्हो, म्हणजे पंखे वळवणाऱ्या छोट्या मोटरी, बसवायच्या राहिल्या होत्या.

"सुट्टी आहे तर इथंच बसवू, मामा," तो सासऱ्यांना म्हणाला.

खंडेराव झेंडू विकून नुकतेच बाजारातून आले होते. ते आता हातपाय धुवून आडवे होतील, असं हर्षलला वाटलं. पण ते ओट्यावर उकिडवे बसले आणि खोक्यात डोकावले.

"उडतं का हे खरंच?"

"उडवल्याशिवाय जातो का!"

"अगं, चहा हितंच आण," खंडेरावांनी आत हाक मारली.

हर्षल दारात उभा होता. खंडेरावांचा एकुलता मुलगा. डिप्लोमा करून अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलेला. शाळेत असताना त्यानं भंगारातले भाग जोडून रेडिओ केला होता, आणि त्यावर पहिल्यांदा बातम्या लागल्या तेव्हा तो वडिलांना, दादांना, बोलवायला मळ्यात पळत गेला होता. दादा गुलाबाची कलमं बांधत होते. "आलोच, तू हो पुढं," म्हणाले. बातम्या संपल्या, शेतीचा कार्यक्रम संपला, दादा काही आले नाहीत. हर्षलला ते कालच्यासारखं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओट्यावर सतरंजी पडली. स्वराजनं काड्यापेटीएवढा एक सर्व्हो सासऱ्यांच्या तळहातावर ठेवला. "रिमोटची काडी हलवली, की याचा हा पांढरा हात तेवढाच हलतो. यातले तीन वरच्या पंख्याला, एक शेपटीला."

"म्हंजे बैलाच्या कासऱ्यावानी."

"अगदी तसंच, मामा!"

दोघं हसले. हर्षल पायरीवर पेपर घेऊन बसला होता. त्यानं पान उलटलं.

स्वराजचे हात कामाला बावळट होते. स्क्रू सुटायचा, सतरंजीत जायचा, आणि खंडेराव बोटांनी चाचपून तो बरोबर काढून द्यायचे. फुलं ओवून, कलमं बांधून तयार झालेली बोटं ती. सर्व्हो धरून ठेवायला तेच, रिमोटचा संदेश पकडणाऱ्या रिसीव्हरभोवती फोमची पट्टी गुंडाळायला तेच. स्वराजनं एका सर्व्होचा हात रिमोट चालू न करताच बसवला. मग तो वाकडा आला आणि पुन्हा काढावा लागला. हर्षलला हे आधीच दिसलं होतं. तो पेपर वाचत राहिला.

"ये ना रे हर्षल," स्वराज म्हणाला. "तुझं तर हे रोजचंच काम."

"नको दाजी. चालू द्या तुमचं."

खंडेराव एकदा म्हणतील, ये रे, म्हणून तो थांबला. खंडेरावांनी मान वर केली नाही. ते सांगाड्याच्या सांध्यात घुसलेला फोमचा तुकडा नखानं काढत होते.

दुपारी शुभांगी आणि स्वराज पंचवटीत गेले, तेव्हा हर्षलनं सतरंजीवरचं माहितीपुस्तक उचललं आणि उभ्याउभ्याच सगळं वाचून काढलं. तासाभरात ते हेलिकॉप्टर त्याला पाठ झालं. शेपटीजवळ चिकटवायच्या छोट्या चौकोनी डबीला जायरो म्हणत. वाऱ्यानं नाक एका बाजूला वळायला लागलं, की जायरो शेपटीच्या सर्व्होला सांगून ते परत ओढून आणतो. त्याचं एक बारीक बटण होतं. ते उलट राहिलं, तर जायरो नाक ओढून आणण्याऐवजी आणखी ढकलणार आणि हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं फिरणार. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

संध्याकाळी सगळं बसून झालं. स्वराजनं रिमोटच्या काड्या हलवून दाखवल्या, चारही सर्व्हो बरोबर हलले. खंडेरावांनी हौसेनं हेलिकॉप्टर उचललं आणि नाक इकडून तिकडं फिरवून पाहिलं. हर्षलची नजर शेपटीच्या पात्यांवर होती. ती उलटी वळत होती. बटण उलट होतं.

"जावईबापू, हात बसला बरं का तुमचा!" खंडेराव म्हणाले. शेजारच्या बहिरूनानांना त्यांनी कुंपणावरून ओरडून सांगितलं, "उद्या सकाळी या वावरात. आमच्या जावयाचं विमान उडणार हाय!"

आमच्या जावयाचं. हर्षलच्या ओठांवर आलेलं वाक्य तिथंच विरलं. होऊ दे की उद्या फजिती, त्याच्या मनात आलं. दादांनाही दिसू दे.

भाऊबीजेच्या सकाळी झेंडू काढून मोकळ्या झालेल्या वावरात माणसं जमली. शुभांगीनं कॅमेरा आणला होता. स्वराजनं हेलिकॉप्टर सपाट जागी ठेवलं.

"मामा, जरा मागं सरा."

खंडेराव सरले, पण जेमतेम. मग पात्यांचा आवाज चढला, माती उडू लागली, आणि नवल वाटून ते पुन्हा पुढे आले.

हर्षलनं ते पाहिलं. आतापर्यंत त्याच्या डोळ्यांसमोर फक्त स्वराजचा पडलेला चेहरा होता. दादा कुठे उभे असतील, हा विचारच त्यानं केला नव्हता.

"दाजी, बंद करा!" तो ओरडत धावला. "दादा, मागं व्हा!"

आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. हेलिकॉप्टर वीतभर वर उठलं आणि गरगर फिरायला लागलं. स्वराजनं घाबरून काडी भलतीकडे ओढली. ते कलंडलं, लाकडी पातं ढेकळावर आपटून फुटलं, आणि एक धारदार कपची खंडेरावांच्या हातात घुसली.

पांढरी बाही लाल झाली. हर्षलनं आपला रुमाल घट्ट बांधला आणि मोटरसायकलवर बसवून दादांना दवाखान्यात नेलं. मागून गाडीनं शुभांगी आणि स्वराज आले. टाके पडले. कपची खोल गेली नव्हती.

"माझीच चूक, मामा," स्वराज पुन्हा पुन्हा म्हणत होता. "काय चुकलं तेच कळत नाही."

"जायरोचं बटण उलटं होतं," हर्षल म्हणाला. "मला काल संध्याकाळीच दिसलं होतं."

शुभांगी गर्रकन वळली. "दिसलं होतं? आणि गप्प बसलास? डोळ्यात गेलं असतं म्हणजे?"

स्वराज त्याच्याकडे पाहत राहिला, मग औषधं आणायला गेला.

घरी आल्यावर खंडेराव ओट्यावर टेकले. हर्षल समोर उभाच राहिला.

"का रं?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून त्याला जास्त लागलं.

"तुम्ही एकदा तरी मला हाक मारली का, दादा? माझ्याबरोबर कधी बसलात असं? रेडिओ केला तेव्हा बोलवायला आलो होतो. आलात?"

खंडेरावांना रेडिओ आठवेना.

"नसंल आलो," ते शेवटी म्हणाले. "पण तुझ्याजवळ बसून मी काय करू? तुला लहानपणापासून सगळं येतं. पंप तूच खोलतो, तूच जोडतो. पाना द्यायला गेलो तर म्हणतो, राहू द्या दादा, तुम्हाला नाय कळायचं. ह्या पोराच्या हातातून स्क्रू पडतो. मला उचलून तरी देता येतो."

हर्षल खाली बसला. असं आपण म्हणतो, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"पण तू केलं ते वाईट केलं," खंडेराव म्हणाले. "त्याची माफी माग. माझी नको."

हर्षलनं माफी मागितली. स्वराज "ठीक आहे" म्हणाला, पण जेवताना त्याच्याशी बोलला नाही. शुभांगीनं ओवाळलं, पण ओवाळताना नेहमीसारखी चेष्टा केली नाही. निघताना स्वराजनं मोडकं हेलिकॉप्टर खोक्यात भरलं आणि क्षणभर विचार करून ओट्यावरच ठेवलं. "नवी पाती पाठवतो. बटणाचं तू बघ," एवढंच म्हणाला.

महिन्याभरानं पाती आली. रविवारी हर्षलनं सतरंजी टाकली. वाकलेला दांडा काढायला त्याला कुणाची गरज नव्हती. तरी त्यानं हाक मारली, "दादा, जरा धरता का हे?"

खंडेराव आले, टाक्यांचा व्रण असलेल्या हातानं सांगाडा धरून बसले. हर्षल त्यांना जायरो समजावत होता. ते अधूनमधून हूं म्हणत होते. मधेच फोन वाजला. शुभांगीच्या घरचा होता.

"हां, जावईबापू!" खंडेरावांचा चेहरा उजळला. "बसलोय ना, पातीच लावतोय. तुम्ही असते तर मजा आली असती."

हर्षलला ते पुन्हा पूर्वीसारखंच लागलं. तो खाली मान घालून स्क्रू पिळत राहिला. फोन ठेवून दादा परत येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "कुठवर आलतो आपण?"