साटीनची पट्टी आणि सीताफळाची बी

मी एक जुनं सीताफळाचं झाड आहे, मित्रांनो. पण जुन्या झाडाची शांतता माझ्या वाट्याला आली नाही. अंगणात कोणी खलबत्ता काढला, की आजही माझा जीव वरखाली होतो.

एका शिंप्याच्या खिडकीसमोर, शिलाई मशीनच्या खडखडाटात मी वाढलो. माझी फळं गल्लीभर वाटली जात. जनावरांच्या जखमेवर माझा पाला ठेचून बांधत, घेरी आलेल्याला तो चुरगळून हुंगायला देत. त्याचा खरंच किती गुण येई, देव जाणे. पण कौतुक ऐकून मी फुगून जाई.

उवांवर माझ्या बियांची पूड तेलात कालवून लावायची जुनी रीत होती. तेल डोळ्यांत उतरू नये म्हणून कपाळावर सुती फडकं घट्ट बांधत.

एकदा शिंप्याच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. आत्याने खलबत्त्यात माझ्या बिया कुटल्या. पण पोर चिंध्यांच्या ढिगातली साटीनची पट्टी घेऊन आली.

"आत्या, मला हीच बांध. चमकते बघ कशी!"

"बरं बाई, हीच बांधते. पण गप्प बस."

साटीन ते! तेल टिपेना, गाठ टिकेना. पट्टी घसरली, तेल डोळ्यांत उतरलं आणि पोर किंचाळली, "आत्या, डोळे जळतायत गं!"

"चोळू नकोस! अहो दादा, धावा!"

शिंप्याने तिचं डोकं नळाखाली धरलं, कितीतरी वेळ पाणी सोडलं आणि तसाच तिला घेऊन दवाखान्यात पळाला. मी जागच्या जागी तडफडत राहिलो.

"लगेच धुतलंत म्हणून बरं. या बीने बुबुळाला इजा होते," डॉक्टरांनी बजावलं. पोरीच्या डोळ्यांवर पट्ट्या आल्या. शिंप्याचं मशीन बंद राहिलं. तिला दिसेल ना, या एकाच विचाराने मला घेरलं. पुढे पट्ट्या सुटल्या आणि खिडकीतून आवाज आला, "बाबा, ते वरचं फळ पिकलंय!" शिंपी ढसाढसा रडला.

आता ती स्वतः आई आहे. परवा लेकीच्या डोक्यात उवा दिसताच तिने बारीक दातांची फणी घेतली आणि लेकीला माझ्याच सावलीत बसवलं. लेक फळ खात होती.

"पोटभर खा. पण बी चावायची नाही आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावायचा नाही."

मित्रांनो, माझी फळं खा, सावलीत खेळा. पण माझ्या पाल्याचं, बीचं औषध घरच्या घरी करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. कौतुकाची हौस माझी केव्हाच फिटली. परवा त्या चिमुरडीने डोळ्यांवरची बट सारायला नुसता हात उचलला, तर वारा नसताना माझं पान न् पान हललं.