राजधानीचा दृष्टांत

सोमनाथबुवा कीर्तनाला उभे राहण्याआधी यजमानाकडून त्या गावची एखादी गोष्ट मागून घेत. अबुधाबीत ते आमच्या घरी उतरले तेव्हा ती दिली आमच्या तनयाने. ती इथेच वाढली, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने अडखळत मराठीत सांगितलं की देश झाला तेव्हाच्या घटनेत राजधानी वेगळीच लिहिली होती: अबुधाबी आणि दुबईच्या सीमेवर, दोघांनी दिलेल्या जमिनीवर एक नवं शहर. सात वर्षांची मुदत, नाव करामा, म्हणजे मान. तोवर अबुधाबी तात्पुरती. ते शहर झालंच नाही. पुढे घटना दुरुस्त झाली आणि अबुधाबीच कायमची राजधानी ठरली.

बुवांनी मांडी थोपटली. म्हणाले, पोरी, तू मला आख्खा पूर्वरंग दिलास.

शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये, रीतसर परवानगी काढून कीर्तन झालं. ऐन रंगात बुवा माझ्याकडे हात करून म्हणाले, "सतीशरावांच्या कन्येनं सांगितलं, मानाचं गाव कागदावरच राहिलं." हॉल हसला. मग त्यांनी झांज थांबवली आणि गोष्ट हळूच आत वळवली. देवाला हृदयात राजधानी बांधून देतो म्हणालो होतो आपण, मुदतही घातली होती, आणि अजून त्याला तात्पुरत्या जागेत ठेवलंय. इथल्यांनी निदान ठरवून टाकलं, आपण कधी ठरवणार? माझे डोळे भरून आले.

रविवारी सकाळी बुवांचं विमान सुटलं आणि इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. तो हसण्यावरच संपत होता. दृष्टांत होता, सिद्धांत कापला गेला होता.

मनोरमाने तो तीनदा ऐकला. "अहो, यात आपली पोर आहे," एवढंच म्हणाली. तनया खोलीतून बाहेर आली, हातात मोबाईल. "बाबा, इट साउंड्स लाइक वी आर मॉकिंग द कंट्री." सायबर कायद्याचा पेपर तिने गेल्याच महिन्यात दिला होता; देशाची ऑनलाइन थट्टा इथे गुन्हा आहे. एक तक्रार झाली तर शिक्षण, व्हिसा, सगळं खलास. आम्ही नवराबायको गावी परतू; तिला परतायला दुसरं गाव नाही.

दहाला हॉलच्या मॅनेजर जहांआराबाईंचा फोन आला. क्लिप त्यांच्यापर्यंत पोचली होती. हॉल त्यांच्या जबाबदारीवर दिलेला, वर कळवायचं की नाही ते आजच ठरवायचं होतं. म्हणून मी येऊन शब्दन् शब्द हिंदीत सांगायचा.

त्यांनी क्लिप लावली आणि टाइप करायला बोटं ठेवली. मी एकेक वाक्य सांगत गेलो. 'कन्येनं' आलं.

"सतीशराव ने बताया," मी म्हणालो.

"आपने?"

"जी. मैंने."

कीर्तनाच्या गादीसमोर पंचवीस वर्षं बसलेला मी. एवढा एकच शब्द गाळला. पुढचा भाग, जो क्लिपमध्ये नव्हता, तो मात्र पुरता सांगितला. बाईंची बोटं थांबली. त्यांचे स्वतःचेही वायदे राहिलेत म्हणाल्या, आणि कागद सहीला पुढे सरकवला. मी सही केली.

"इन्शाल्ला, इतना काफ़ी होगा."

पार्किंगमध्ये आलो. मोबाईल काढला तर ग्रुपवर आमच्यातल्याच सुजीतचा नवा मेसेज. मुलांना मराठी समजत नाही म्हणून त्याने सकाळभर बसून त्याच क्लिपखाली इंग्रजी ओळी घातल्या होत्या. एकही शब्द चुकला नव्हता. 'सतीश्ज डॉटर' पिवळ्या अक्षरांत.

मी त्याला फोन लावला, आधी ते काढ म्हणालो.

"अहो काका, छान झालंय," तो म्हणाला. "हॉलच्या मॅडमनाही आत्ताच पाठवलं. त्यांना मराठी कुठे येतं?"

मी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला होता. खिशातली किल्लीची रिंग घट्ट धरून मी पुन्हा जिना चढू लागलो.