आपाचा आवाज

नानखटाई इशरतच्या हातची खुसखुशीत व्हायची, पण अब्बांच्या भट्टीतली चव तिला नसायची, आणि हे ती स्वतःच आधी सांगून टाकायची. कढईत मीठ तापवायचं, त्यावर जाळी, जाळीवर तूप लावलेली थाळी, वरून झाकण आणि आच बाहेर जाऊ नये म्हणून झाकणावर पाटा. जुन्नरला तिच्या सासरी सगळ्यांना ही नानखटाई आवडायची. पण पहिला घाणा ती भावंडांसाठी डब्यात भरून बाजूला ठेवायची.

अब्बा गेल्यापासून तिघा भावंडांनी एक सवय लावून घेतली होती. पोराबाळांना घरी ठेवून, सवड काढून, तिघांनीच कुठंतरी रानात जायचं. पेठला भावाचं, इरफानचं, गॅरेज होतं, त्यामुळं गाडी त्याची. धाकटी महेक मंचरला अम्मीजवळ राहायची आणि एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. कधी बोरीच्या नदीकाठी जायचे, कधी नाणेघाटात, कधी नुसतं एखाद्या टेकाडावर चढून वाऱ्याला बसायचे. चहाचा थर्मास, नानखटाई आणि गप्पा. बाकी काही लागायचं नाही.

त्या मे महिन्यात धरणाचं पाणी फारच खाली गेलं. जुनं आंबेगाव उघडं पडलंय, आपण जाऊन येऊ, असं इरफाननं फोनवर सांगितलं. त्या गावात अब्बांची पाव-नानखटाईची भट्टी होती. धरणासाठी गाव उठलं तेव्हा इशरत नुकती शाळेत जायला लागली होती, इरफान कडेवर होता आणि महेक जन्मायची होती.

सकाळी ऊन चढायच्या आत ते काठावर पोचले. खाली नजर जाईल तिथवर भेगाळलेला गाळ. त्यातून गुडघ्याएवढ्या भिंती वर आलेल्या, जोत्यांचे चौकोन, काळी पडलेली झाडांची खोडं. मासळीचा आणि चिखलाचा वास येत होता. आत शिरल्यावर तिघांचंही बोलणं आपसूक कमी झालं. दूरवर पाण्याच्या कडेला बगळे बसले होते, पण इकडं गावात एक पाखरू नव्हतं.

इशरतला वाटलं होतं, पाय ठेवला की सगळं आठवेल. काहीच आठवेना. कुठली गल्ली, कुठला चौक, सगळं एकाच मातीचं झालं होतं. इरफान हातातल्या काठीनं गाळ चाचपत पुढं चालला होता, मागोमाग महेक. इशरतच्या चपलेत चिखल भरला म्हणून ती लिंबाच्या एका वठलेल्या खोडाला धरून थांबली. ती दोघं पार पुढं गेली.

एका जोत्याला वळसा घालून इरफान डाव्या हाताला निघाला. तिथं गाळ चांगला वाळून सपाट झाला होता, चालायला सोपा दिसत होता. तेवढ्यात महेक मोठ्यांदा म्हणाली, "भाई, थांब. डावीकडं नको. आड हाय तिथं."

इरफान हसला. इथं जन्म न झालेली पोरगी त्याला गावाची वाट सांगत होती. तरी तो थांबला आणि गंमत म्हणून त्यानं काठी पुढच्या गाळात रोवली. काठी थोडी अडली, मग वरचा पापुद्रा फुटला आणि ती मुठीपर्यंत आत गेली. हातातून सुटली. क्षणभर काहीच नाही. मग खालून, बऱ्याच खोलातून, ओल्या चिखलात काहीतरी पडल्याचा आवाज आला. त्याच्या पायापुढचा गाळ हळूहळू खचला आणि आडाचा दगडी काठ वर दिसायला लागला. त्याला कठडा नव्हता.

इरफान होता तिथंच मटकन खाली बसला.

इशरत धावत आली. आड बघितला आणि तिला तेवढं मात्र आठवलं. भट्टीच्या मागं आड होता. लहानपणी तिला तिकडं फिरकूसुद्धा देत नसत. तिनं महेकला विचारलं, तुला कसं कळलं?

महेकनं तिच्याकडं नवलानं बघितलं. "तूच तर सांगितलंस आपा. आत्ता. कानाशी येऊन."

इशरतनं मागं वळून बघितलं. लिंबाचं खोड बरंच लांब होतं. तिच्या पायांचे ओले ठसे तिथून इथवर उमटले होते, आणि ते धावत आल्याचे होते. त्याआधी ती इथं आलीच नव्हती.

"काय सांगितलं मी?"

महेकचा चेहरा उतरत गेला. तिनं इशरतचे पाय बघितले, मग ते ठसे. "तू म्हणालीस, त्याला डावीकडं जाऊ देऊ नको, आड हाय. मग म्हणालीस, मला कुणी सांगितलं न्हाई."

भट्टीचा अर्धगोल बाजूलाच होता, नुसत्या विटांचा थर उरलेला. तिघं त्यावर टेकले. एवढ्या उन्हातही विटा गार होत्या. इशरतनं डबा उघडला. इरफाननं एक नानखटाई उचलली आणि चव न घेताच चावून गिळली. महेकनं नुसती हातात धरून ठेवली. काहीतरी धीराचं बोलावं असं इशरतला फार वाटत होतं, पण तोंड उघडायची भीती वाटत होती. आपला आवाज आता महेकला कसा लागेल, याची.

परत फिरताना ती पुढं झाली. धाकटीचा हात तिनं सोडला नाही आणि गाडीत बसेपर्यंत एक शब्द काढला नाही.

मंचरला पोचल्यावर अम्मीला सांगावंच लागलं, कारण इरफानचा चेहराच सांगत होता. त्यानं आडाचं सांगितलं, काठीचं सांगितलं, महेकला आपाचा आवाज आला तेही सांगितलं. महेकनं ऐकलेलं शेवटचं वाक्य तेवढं त्यानं गाळलं. म्हातारीला कशाला घाबरवायचं.

अम्मी पलंगावर बसून ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "आवाज इशरतचाच व्हता?"

महेक म्हणाली, "आपाचाच. थोडा कवळा."

मग अम्मीनं जे सांगितलं ते तिन्ही लेकरांनी पहिल्यांदाच ऐकलं. अब्बांचं पहिलं लग्न तिच्या थोरल्या बहिणीशी झालं होतं. मांडव उतरला नव्हता तोवर, एका पहाटे, कणकेला पाणी आणायला ती नवी नवरी भट्टीच्या मागच्या दारानं बाहेर पडली आणि अंधारात आडात गेली. पुढं वर्षभरानं त्याच घरात धाकट्या बहिणीला, म्हणजे अम्मीला, दिली. अब्बांनी पुन्हा कधी थोरलीचं नाव काढलं नाही. अम्मीनंही काढलं नाही.

"इशरत बोलायला लागली तवाच मला कळलं," अम्मी म्हणाली, "आवाज तिचा आलाय." मग पदरानं डोळे टिपत, स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "तिची काय चूक व्हती? तिला कुणी सांगितलंच न्हाई, मागं आड हाय म्हणून."

इरफाननं महेककडं बघितलं. महेकनं इशरतकडं.

आड अजून तिथंच आहे. पावसाळ्यात पाणी चढलं आणि सगळं पुन्हा खाली गेलं. तिघं अजूनही फिरायला जातात, रानात बसतात, इशरत अजूनही कढईत नानखटाई भाजते. पण एक फरक पडलाय. ती फोन करते तेव्हा महेक लगेच बोलत नाही. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो. मग ती हळूच विचारते, "आपा, तूच ना?"

इशरत हो म्हणते. आणि दर वेळी, हो म्हणायच्या आधी, तिला स्वतःलाच एक क्षण थांबावं लागतं.