हिरवं पाणी

आमचे पप्पा एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेसशॉपमध्ये होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून त्यांनी आईला इतकं भंडावलं, की मोशीच्या बंद दगडखाणीतल्या पाण्यात मासे पाळायचं त्यांनी ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला. दोन वर्षांत रोहू हातभर झाले. पप्पा त्यांच्याशी तासन् तास बोलायचे. आमच्याशी जन्मात एवढं बोलले नाहीत.

मी भूशास्त्रातली डॉक्टर. नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी फुटले, त्यांच्या खतावर शेवाळ माजलं, मेलं, कुजलं आणि कुजता कुजता पाण्यातला ऑक्सिजन खाऊन बसलं. समुद्र गुदमरला. यावर मी पाच वर्षं घालवली.

गेल्या आठवड्यात मी सेमिनारच्या गडबडीत असताना पप्पांचा फोन आला.

"मैत्री, पाणी हिरवंगार झालंय गं. चालतंय ना?"

"चालतंय की. हिरवं म्हणजे ऑक्सिजनच, पप्पा."

"मग शेणखत टाकू अजून थोडं?"

"टाका."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

मग तीन दिवस आभाळ भरून राहिलं. ऊन नाही, तर शेवाळ ऑक्सिजन करणार कशावर? उलट होता तोच खात बसलं. आज सकाळी पुन्हा फोन आला, "मासे वर येऊन तोंडं उघडतायत. भुकेजले असतील का?" मी वाकडहून गाडी कशी हाणली ते मलाच माहीत नाही.

भूक नव्हती ती. पाण्यात श्वासच उरला नव्हता. शेजारच्या वर्कशॉपच्या ज्ञानेशने मोटर आणली, पाणी वर उडवून परत खाणीत सोडलं, तसे मासे त्या धारेखाली गोळा झाले. नऊला मोटर थांबली.

"आयला, गुरुवार!" ज्ञानेशने कपाळावर हात मारला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो डिझेलचं इंजिन आणायला चाकणला पळाला.

आम्ही दोघं बादल्यांनी पाणी उपसून वरून ओतत राहिलो. एवढ्या खाणीला दोन बादल्या! मला सगळं कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं.

"तुझा तो समुद्र," पप्पा धापा टाकत म्हणाले, "सावरला ना परत?"

"सावरला."

"कशानं?"

"वेळ गेला, पप्पा." किती लाख वर्षं, ते मी सांगितलं नाही.

ज्ञानेश इंजिन घेऊन आला तेव्हा साडेअकरा झाले होते. पाणी पांढऱ्या पोटांनी भरलं होतं. त्याने काठावरची खताची रिकामी पोती पाहिली.

"काका, एवढं खत? कुणाला विचारायचं तरी!"

पप्पा रडत होते. तरी त्यांची मान ताठ झाली.

"न विचारता टाकीन व्हय? आमची मैत्री त्यातलीच डॉक्टर हाय."