साहेब, हमाल आणि डॉक्टरांची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनं विनोदी चित्र आहे. विनोदी आहे, हे मला लोकांकडूनच कळलं.

दीडशे वर्षांपूर्वी हॉलंडमध्ये दगडावर मला रेखाटलं आणि कागदावर छापलं. माझ्यात दोन मुख्य माणसं आहेत. डावीकडे उंच टोपीवाले साहेब. त्यांना दोन नोकर बग्गीत चढवतायत. खाली लिहिलंय, ‘साहेबांना बरं नाही.’ उजवीकडे हमाल. त्याला दोन पोलीस ओढतायत. खाली, ‘प्यायलाय.’ दोघांची नाकं मात्र एकाच कुंचल्याने लाल केलेली आहेत.

एका डच कुटुंबाबरोबर मी बोटीने न्यूझीलंडला आलो. पुढे टौरंगातल्या त्यांच्या म्हाताऱ्या आजींनी मला गराज सेलमध्ये, घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, मांडलं. शेजारच्या फार्मासिस्ट कांचनताईंनी मला घेतलं, आजींकडून अर्थ समजून घेतला आणि दाराजवळ टांगलं. पाहुणे बूट काढताना हसायचे. माझे ते सुखाचे दिवस.

२०१६च्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी बार्बेक्यू होता. कांचनताईंचा मावसभाऊ हरीश किवीफळं खोक्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये कामाला. त्याने दोन बिअर घेतल्या. घरोब्याचे डॉक्टर गुरुदत्त यांनी व्हिस्कीची ‘चव’ घेतली. चार वेळा.

निघताना ताईंचे यजमान सुरेशराव मोठ्यांदा म्हणाले, “हरीश, गाडीची किल्ली ठेव इथे. उगाच तमाशा नको.”

हरीशने ठेवली.

“डॉक्टर, सावकाश जा हं!”

डॉक्टर बूट घालताना झोकांडले आणि त्यांनी माझाच आधार घेतला. मी खाली आलो. काच तडकली.

“ऊन लागलं वाटतं,” डॉक्टर म्हणाले.

“हो ना, इथलं ऊन फार वाईट,” सुरेशराव लगेच म्हणाले.

बाहेर डॉक्टरांची लहान मुलगी इशिता गाडीत पट्टा लावून बसली होती. “डॅड, कमॉन!”

कांचनताईंनी मला उचललं. माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. “भाऊजी, किल्ली द्या.”

“वहिनी, मी डॉक्टर आहे!”

“हरीशने दोन घेतल्या, त्याने दिली. तुमच्या चार झाल्या. पोर आहे गाडीत.”

“अगं, काय बोलतेस!” सुरेशराव पुटपुटले.

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं. मग किल्ली दिली. थेंबही न घेतलेल्या कांचनताईंनी बापलेकींना घरी पोचवलं. वाटेत एकटी इशिताच बोलत होती म्हणे.

डॉक्टर परत आले नाहीत. दिवाळीलाही नाही. “या चित्रामुळेच हिला नको ते सुचतं,” म्हणत सुरेशरावांनी मला गराजमध्ये फ्रीजरमागे उभं केलं. तिथे ओल आहे. माझ्या कडांवर बुरशी चढलीय आणि साहेबांचा एक नोकर जवळजवळ गेलाच. हरीश आला की बाहीने मला पुसतो. ताई म्हणतात, “राहू दे रे, मी लावते पुन्हा.” मग सुरेशरावांकडे बघतात आणि चहा टाकतात.

मित्रांनो, जुन्या चित्रांना ओल लागू देऊ नका. कोरड्या भिंतीवर लावा. आणि पुढे कधी कुणाकडे किल्ली मागायची वेळ आली, तर सर्वांत आधी त्याच्याकडे मागा, ज्याच्याकडे मागायची तुम्हाला लाज वाटते.