अंड्यांचा डबा आणि सहा मीटर केबल

चाचणी पत्रक. चारकोप औद्योगिक वसाहत. गाळा क्रमांक लिहीत नाही, जिन्यात वास येतो त्यावरून सापडेल.

वस्तू: विषारी वायूचा मीटर. केबलच्या टोकाला सेन्सर. तो खाली सोडायचा, आकडा वर हातात दिसतो. गोवंडीला सांडपाण्याच्या पंपाची विहीर आहे, तिथे ठेकेदाराची माणसं उतरतात. त्यांच्यासाठी चाळीस नग. सोमवारी जायचे.

चाचणीचा वायू: सडकी अंडी.

हे लिहायचं नसतं. पण वायूचा सिलिंडर मागवायचा कंटाळा, म्हणून गच्चीवर झाकणाचा डबा आहे. गाळ्यातले जोडणीवाले काशीरामकाका त्यात अंडी फोडून उन्हात ठेवतात. वर हिरवट साय धरते. ती साय मला जेवताना आठवते.

केबलची लांबी: सहा मीटर.

खोडते. वीतभर. श्वास रोखायचा, झाकण उघडायचं, वीतभर तारेवरचा सेन्सर आत धरायचा, आकडा चढला की झाकण लावून पळायचं. तीन महिने आम्ही असंच केलं. वास गच्चीभर असतो, आख्खी केबल उलगडून लावून बघायची तर तेवढा वेळ त्यात उभं राहावं लागतं. मी उभी राहिले नाही. पत्रकावर मात्र दर वेळी सहा मीटर लिहिलं, आधीच्या पत्रकावरून उतरवून.

आज काशीरामकाकांनी केबलची गुंडाळी सोडली.

"माझो भाचो नंदू ह्यो घेऊन उतरतलो," ते म्हणाले. "आख्खो बघूया, बाय."

आकडा: शून्य.

पाच मिनिटं शून्य.

"माका आता वासच येणा नाय," काका म्हणाले.

हा वायू तेच करतो. आधी नाक मारतो. आणि मीटरही नाकासारखाच निघाला.

वापरलेला भाग: लेव्हल शिफ्टर.

सेन्सर तीन दशांश तीन व्होल्टवर बोलतो, मीटर पाचवर. मध्ये दुभाषा लागतो. तारा दोन, एकीवर माहिती, दुसरीवर ठोके. या तारांना कोणी वर, म्हणजे जास्त व्होल्टला, ढकलायचं नसतं. ज्याला बोलायचं त्याने तार खाली ओढायची आणि सोडून द्यायची, वर यायचं काम रोधकाचं, म्हणजे रेझिस्टरचं. मी निवडलेली चिप मात्र कोण बोलतंय ते स्वतः ओळखते आणि तार स्वतः ढकलते. वीतभर तारेवर तिचा अंदाज जमतो. सहा मीटरवर तार सावकाश वर येते, चिप भलत्याच बाजूने ढकलते, बोलणं अडकतं. उत्तर आलं नाही तर आमचा प्रोग्राम मागचा आकडा दाखवतो. मागचा आकडा म्हणजे चालू करतानाचा शून्य.

दुसरा पर्याय होता. प्रत्येक तारेवर एक ट्रान्झिस्टर, दोन बाजूंना दोन रोधक. मीच म्हणाले होते, कॉलेजच्या प्रोजेक्टसारखं दिसतं ते. चिपच्या माहितीपत्रकात अकराव्या पानावर लिहिलंय की अशा तारांवर वापरू नये. मी तीन पानं वाचली होती.

मी खाली फोन करून चिपचं सांगितलं. सुबोध वर आला, नाकाला रुमाल. गाळा त्याचा, कॉलेजपासूनचा मित्र.

"चिप तूच निवडलीस ना?"

"मीच."

"मग आता काय नाटक? सोमवारी जाऊ दे. पुढच्या लॉटला बदलू."

"शून्य दाखवतोय, सुबोध."

"अगं, काहीच नसण्यापेक्षा मीटर बरा ना?"

काशीरामकाका केबल गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मीटर नाय तेव्हा नंदू कमरेक दोरी बांधता. वर दोन माणसा धरून रवतत. ह्या मीटरान शून्य दाखवल्यान, तर तो दोरी सोडतलो."

सुबोध रुमालातून काहीतरी बोलला. मला कळलं नाही, विचारलंही नाही.

"रुमाल काढ," मी म्हणाले. "इथे उभा राहा आणि सही तू कर. मी पत्रक देते."

त्याने पत्रक माझ्याकडे परत सरकवलं. मग खाली गेला. जिन्यातून ओरडला, "ठेकेदाराला काय सांगू?"

"सांग, शर्मिष्ठाने चुकीची चिप लावली."

निकाल: नापास. चाळीसही.

संध्याकाळपर्यंत एका नगावरची चिप उपटली. तिच्या जागी दोन ट्रान्झिस्टर आणि चार रोधक, हाताने, वाकडेतिकडे. रोधक जरा जोरकस घेतले, ठोके मंद केले. उत्तर आलं नाही तर आकडा दाखवायचा नाही, भोंगा वाजवायचा. पुन्हा गच्ची, पुन्हा डबा. काकांनी झाकण काढलं. साय फाटली होती, खाली काहीतरी वळवळत होतं.

नऊ. चौदा. एकवीस.

काकांनी मीटरमधून केबल उपटली, भोंगा वाजला. पुन्हा जोडली, थांबला.

मी पळाले नाही. केसांना, ओढणीला, जिभेला तो वास लागला होता. गुडघ्यावर पत्रक ठेवून लिहिलं,

केबलची लांबी: सहा मीटर.

उरलेले नग: एकोणचाळीस. सोमवारी जाणार नाहीत. नंदूला दोरी बांधायला सांगितलं आहे.